बाहेरून कुलूप

आमच्या गल्लीत कुणाला कंजूस, खडूस आणि माणूसघाणा अशा तिन्ही पदव्या एकदम द्यायच्या असल्या, की लोक नुसतं ‘सेठ’ म्हणत. सेठ म्हणजे आमचे घरमालक. उल्हासनगरात दगड मारला तर तो कुठल्या तरी सेठलाच लागायचा, पण आमच्या गल्लीत तो शब्द यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. नव्वद साल उलटल्यावर कधीतरी ते गेले. बाराव्याला सगळी गल्ली जमली, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी आपल्याकडची रीत असल्यामुळे बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही.

त्यांना कुलपांचं वेड होतं. नळाला कुलूप, संडासाला कुलूप, ओट्यावरच्या दिव्याला जाळी आणि त्या जाळीला कुलूप. ओट्यावरची खाट साखळीने खांबाला बांधलेली. एक पोपटाचा पिंजरा होता, त्यालाही कुलूप होतं. पोपट केव्हाच मेला होता. किल्ल्यांचा जुडगा लेंग्याच्या नाड्याला अडकवलेला, त्यामुळे लेंगा कायम एका बाजूला कललेला असायचा आणि सेठ दिसण्याच्या आधी ऐकू यायचे.

गल्लीतल्या जाणकारांचं म्हणणं असं, की फाळणीच्या वेळी सिंधमधल्या हवेलीला कुलूप न लावताच पळावं लागलं, म्हणून हा माणूस इथे दिसेल त्याला कुलूप लावत सुटलाय. मला ही गोष्ट इतकी पटली होती, की एकदा मी गळा दाटून आल्यासारखं करून त्यांना तसं विचारलं.

“कोण बोलला?” सेठ म्हणाले. “तिकडे आमचा घर भाड्याचा होता. कुलूप पण मालकाचा.”

आम्ही मूळचे वांगणीचे. मिस्टर अंबरनाथला फॅक्टरीत होते. प्रज्ञा, आमची एकुलती एक, साडेपाच वर्षांची असताना आजारी पडली आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सारख्या चकरा सुरू झाल्या. वांगणीहून ते जमेना, म्हणून उल्हासनगरात खोली बघायला लागलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चार मालकांनी आधी आमचं आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच दिल्याचं त्यांना आठवलं. सेठ पाचवे. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, “पाहुणे किती येतात?”

“येतील अधूनमधून,” मी म्हटलं.

“पाहुणे मला चालत नाही,” ते म्हणाले आणि जुडग्यातली एक किल्ली काढून दिली. बौद्ध चालतात पण पाहुणे चालत नाहीत, असा मालक मी पहिल्यांदाच बघत होते.

खोली निर्वासितांच्या कॅम्पातल्या जुन्या बॅरेकमधली होती. एका ओळीत दारं, पुढे सगळ्यांना मिळून एक लांब ओटा, आणि मागच्या बाजूला प्रत्येकाला एकेक लहान दार, गटाराकडे उघडणारं. सेठ शेजारच्याच खोलीत एकटे राहायचे. बायको नव्हती, मुलं मुंबईला.

प्रज्ञाला रक्ताचा कॅन्सर होता. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकते. तेव्हा हा शब्द उच्चारताना लोक आवाज इतका खाली आणायचे, की ऐकणाऱ्याला तो जास्तच मोठ्याने ऐकू यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध लागू पडतंय, पोरगी वाचू शकते, पण या औषधाने अंगातली ताकद पार जाते. साधी सर्दीसुद्धा हिला महागात पडेल. गर्दी नको, येणंजाणं नको.

डॉक्टरांना सांगायला काय जातं. त्यांना आमची गल्ली माहीत नव्हती.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या परबकाकूंना कळलं आणि परबकाकूंना कळलं म्हणजे कॅम्पभर कळलं. काकूंसारखी मायाळू बाई मी जन्मात पाहिली नाही. त्यांना बारा महिने पडसं असायचं, आणि नाक पुसत पुसत त्या दुसऱ्याचे डोळे पुसायला धावायच्या. सकाळी त्या त्यांच्या गावच्या देवीचा अंगारा घेऊन येत. दुपारी रिक्षावाला रफिकभाई दर्ग्यावरचा ताईत घेऊन. संध्याकाळी विहारातल्या बायका यायच्या, वंदना म्हणायच्या आणि मग अंगारा आणि ताईत घरात कशाला ठेवलेत म्हणून मला झापायच्या. त्यांचंही बरोबर होतं, आम्ही धागेदोरे मानत नव्हतो. पण प्रेमाने आणलेली वस्तू परत कशी करायची? मी सगळं एका बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवत होते. रविवारी फॅक्टरीतलं मिस्टरांचं अख्खं सेक्शन मोसंब्या घेऊन यायचं आणि पोरीच्या खाटेभोवती उभं राहून ओव्हरटाइमवर बोलायचं. प्रत्येक जण जाताना तिच्या गालाला हात लावून जायचा. आणि प्रत्येकाला चहा. त्या दिवसांत मी पोरीजवळ कमी आणि स्टोव्हजवळ जास्त होते.

यातलं एकही माणूस वाईट नव्हतं. तीच तर अडचण होती.

सेठनी हे सगळं बघितलं ते चपलांच्या बाजूने. एका रविवारी ओट्यावर चपलांचा ढीग बघून ते दाराशी आले.

“बाई, तुमच्याकडे लग्न आहे काय?”

“मुलगी आजारी आहे. बघायला येतात.”

“बघून काय होतो?”

मी ओट्यावरच्या चपला एका बाजूला सारायला लागले.

“डॉक्टर काय बोलला?”

“डॉक्टर म्हणाले, गर्दी नको.”

“मग?”

“मग काय सेठ? दारात आलेल्याला जा कसं म्हणायचं?”

दोन अधिक दोन न येणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जा, असा बोलायचा. सोपा आहे. मी रोज बोलतो.”

मला काही ते सोपं नव्हतं. आमच्या आईने शिकवलं होतं, दारातून माणूस तसाच परत जाऊ नये. आणि जे लोक आमचं आडनाव माहीत असून आमच्या घरात बसून चहा पीत होते, त्यांना दार बंद करायचं कुठल्या तोंडाने? असा विचार करत मी आणखी दोन रविवार चहा केला, आणि तिसऱ्या सोमवारी प्रज्ञाला ताप भरला. तो ताप चढतच गेला. इस्पितळात त्यांनी तिला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि आम्हाला काचेबाहेर. एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “तुम्हाला सांगितलं होतं ना?” मी मान हलवली. पोरगी त्या खेपेला हातची जाता जाता राहिली. कुणाच्या शिंकेने तिचा जीव जाणार होता ते मला कधीच कळलं नसतं, आणि ज्याची शिंक तो तिच्या मातीला सगळ्यात आधी आला असता.

परत आलो तेव्हा आमच्या दारासमोर ओट्यावर एक लोखंडी स्टूल होतं आणि स्टुलावर सेठ बसलेले. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करतात. सेठकडे कुणी पाहुणा येत नसल्यामुळे ही रीत वापराविना पडून होती, ती त्यांनी आता बाहेर काढली. आमच्याकडे येणाऱ्याला ते ओट्यावरच थांबवत. “बस,” म्हणत. पापड देत, पाणी देत. माणूस पापड संपवायचा, पाणी प्यायचा, की म्हणत, “झाला. आता जा.” येणारा गोंधळून जायचा. पाहुणचार तर झाला होता, मग तक्रार कशाची करायची?

मिस्टरांचे सुपरवायझर आले. गळ्याशी बटण, हातात सफरचंदांची पिशवी.

“मी यांचा सुपरवायझर आहे,” ते म्हणाले.

“मी यांचा घरमालक आहे,” सेठ म्हणाले. “पापड खा.”

वांगणीहून माझी मावशी आली. तिला पोरीच्या उशाशी बसून रडायचं होतं. त्यासाठीच ती भाकऱ्या बांधून आली होती. सेठ तिला म्हणाले, “रडायचा असेल तर माझ्या रूममध्ये रड. तिकडे कोणी आजारी नाही.” आणि खरंच स्वतःच्या खोलीचं कुलूप काढून तिला आत बसवलं. मावशी तिथे मनसोक्त रडली. मागच्या दाराने मला भेटली तेव्हा म्हणाली, “कसला मानूस हाय गो यो, पोरीपाशी रडूबी देईना.” आणि निघता निघता, “पापड मातर झ्याक व्हता.”

जे फारच हट्टाला पेटायचे, त्यांच्यासाठी सेठकडे शेवटचं उत्तर होतं. “आत जायचा आहे? इस्पितळात जा, रक्त दे. रक्त आत जातो. तू नाही.” लोकांना ती चेष्टा वाटायची. प्रज्ञाला खरंच रक्त लागायचं आणि इस्पितळवाले बदली रक्तदाते मागायचे. मिस्टर लोकांसमोर हात पसरायला लाजायचे. ते काम सेठ शिव्या खात करत होते.

मला एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. इतकी राखण करणाऱ्या माणसाने प्रज्ञाला कधी धड बघितलंच नव्हतं. ते आमच्या खोलीत एकदाही आले नाहीत. इस्पितळात न्यायला आम्ही तिला बाहेर काढायचो, डोळ्यांपर्यंत शालीत गुंडाळून, तेव्हा ते उठून स्वतःच्या खोलीत जायचे आणि रिक्षा गेल्यावरच बाहेर यायचे. एकदा मी म्हटलं, “सेठ, पोरीला बघा तरी एकदा.” तर म्हणाले, “बघून काय होतो? मी डॉक्टर आहे?”

पण सेठही माणूस होते, त्यांना आंघोळ करावी लागायची. गल्लीने त्यांची वेळ हेरून ठेवली. इकडे न्हाणीत बादली वाजली, की तिकडे परबकाकू पदराआड अंगारा लपवून आमच्या दारात. “पटकन लावते आणि जाते गं,” म्हणत आत, आणि मग तासभर. मी परत स्टोव्हपाशी.

हे दुसऱ्यांदा झालं तेव्हा सेठ अंगाला पंचा गुंडाळून, ओले, तसेच बाहेर आले. काकू गेल्यावर त्यांनी खोलीतून एक मोठं कुलूप आणलं आणि आमच्या पुढच्या दाराला बाहेरून लावून टाकलं. आम्ही आत.

“सेठ, हे काय?” मी खिडकीतून विचारलं.

“बाई, ऐक. बंद दार बघितला की माणूस बोलतो, आतमध्ये आहेत, उघडत नाही, माज आला. कुलूप बघितला की बोलतो, बिचारे कुठे गेले असतील.” त्यांनी कुलूप ओढून बघितलं. “बंद दाराचा राग येतो. कुलपाचा कोणाला राग येत नाही. तुम्ही मागून जा-ये करा.”

इतकी वर्षं दिसेल त्याला कुलूप लावून त्यांनी माणसांचा एवढा अभ्यास केला असेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि ते खरंच होतं. लोक यायचे, कुलूप बघायचे, “अरेरे, परत ॲडमिट केलं वाटतं,” म्हणायचे आणि मनात काही न ठेवता परत जायचे. पहिल्यांदाच मी भर दुपारी पोरीशेजारी नुसती पडून राहिले. ती मला इस्पितळातल्या मांजरीची गोष्ट सांगायची, दर वेळी मांजरीची पिल्लं वाढलेली असायची.

हे सुख कुकरने घालवलं. औषधाने जीभ सोललेल्या पोरीला गुरगुट्या भाताशिवाय काही गिळवत नव्हतं आणि कुकर शिट्टी दिल्याशिवाय भात करत नव्हता. बाहेरून कुलूप असलेल्या घरातून शिट्टी ऐकू आली तेव्हा पहिल्या दिवशी गल्ली घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने डोकं चालवलं. तिसऱ्या दिवशी निकाल लागला, की सेठने बिचाऱ्या बायामाणसांना कोंडून ठेवलंय. रूम खाली करून घ्यायची असेल मेल्याला.

मी मागच्या दाराने वळसा घालून परबकाकूंकडे गेले आणि सगळं खरं खरं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ताप कसा आला, कुलूप का लावलं, सगळं. काकूंनी माझा हात हातात घेतला. “तू काही घाबरू नकोस,” त्या म्हणाल्या. “त्याच्या धाकाने तू असं बोलतेस, कळतंय मला. आम्ही आहोत.”

रविवारी सकाळी ते आलेच. रफिकभाई हातोडा घेऊन, सेक्शनमधले चौघे, विहारातल्या दोघी आणि पुढे परबकाकू. सेठ दारापुढे उभे राहिले तर त्यांना दोघांनी उचलून त्यांच्याच साखळीबंद खाटेवर ठेवलं. चार घावांत कुलूप तुटलं आणि सगळं प्रेम एकदम आत घुसलं. कुणी मिस्टरांची पाठ थोपटत होतं, कुणी रडत होतं. त्या आठवड्यात प्रज्ञाचं रक्त तपासलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, हे दिवस सगळ्यात जपायचे. काकू तिच्या खाटेशी गेल्या, नाक पुसलं आणि तोच हात तिच्या गालाकडे नेला.

मी तो हात मधेच धरला. “बाहेर व्हा,” मी म्हटलं.

काकू हसल्या. त्यांना वाटलं, मी भांबावलेय.

“काकू, बाहेर व्हा. सगळे बाहेर व्हा. माझी पोरगी मरेल तुमच्या मायेने. सेठने नाही, मी कोंडून घेतलंय. मला कुणी नकोय इथे. चालते व्हा.” याच्यापुढे मी आणखी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रफिकभाई हातोडा विसरून गेले. काकूंचा चेहरा चापट बसलेल्या पोरासारखा झाला होता. पण तेव्हा मी त्यांचा हात दार येईपर्यंत सोडला नाही.

ओटा रिकामा झाल्यावर सेठ खाटेवरून उठले, तुटलेलं कुलूप उचललं आणि उलटसुलट करून बघितलं.

“अलीगढचा होता,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुम्हाला बोलता येतो तर. मग इतके दिवस माझा काम का वाढवला?”

त्या दिवसापासून गल्लीने आमच्याशी अबोला धरला. लोक आमच्या दारावरून जाताना मान वळवायचे. पोरीची आई माजली, असं म्हणायचे, आणि आजारी पोरीच्या आईने इतकं माजू नये असंही म्हणायचे. आमच्याकडे चिटपाखरू येईना. चहाची पत्ती महिनाभर पुरायला लागली. ताप आला नाही.

आणि एक दिवस मिस्टर इस्पितळातून चक्रावून आले. रक्तपेढीच्या बाकावर परबकाकू बसल्या होत्या, दंडाला कापूस दाबून. यांना बघून त्यांनी मान फिरवली. शेजारी रफिकभाई, त्यांनीही. पडसं पूर्ण जाईपर्यंत काकूंना म्हणे रक्तपेढीवाल्यांनी दोनदा परत पाठवलं होतं, आणि त्या दोन्ही वेळा पुन्हा गेल्या. त्यांचं रक्त प्रज्ञाला मिळालं की आणखी कुणाला, ते रक्तपेढीलाच ठाऊक. एक शब्द न बोलता गल्ली आमच्यासाठी रक्त देत राहिली. सेठना हे सांगितलं तर म्हणाले, “बरा आहे. रक्ताला शिंक येत नाही.”

आता कुणी येत नव्हतं, तरी ते स्टुलावर बसायचेच. राखण करायला काही उरलं नाही म्हणून राखण सोडणाऱ्यातले ते नव्हते.

औषधं आणखी दोनेक वर्षं चालली. एका दुपारी डॉक्टर म्हणाले, “आता हिला शाळेत घाला.” मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं. मिस्टर बाहेर येऊन रडले. मला रडू आलं नाही, कारण माझा विश्वासच बसला नव्हता. इतके दिवस मी फक्त वाईट गोष्टींवर विश्वास ठेवायची सवय करून घेतली होती. घरी आलो तेही तिला शालीत गुंडाळूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराशी कळशी घासत होते. प्रज्ञाने पुढच्या दाराची कडी काढली आणि ती एकटीच बाहेर गेली. औषधांनी गेलेले केस कुरळे होऊन परत आले होते, गाल भरले होते, अंगात नवा फ्रॉक. नळापर्यंत गेली, पोरांचा खेळ बघितला, आणि परत फिरली. तोपर्यंत सेठ स्टुलावर येऊन बसले होते. मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला.

“ए पोरगी, किधर?”

“घरात.”

“हा तुझा घर नाही. आत आजारी मुलगी आहे. बाहेरचा कोणी जायचा नाही. जा.”

“पण मीच ती. मी प्रज्ञा.”

सेठ तिला खालपासून वरपर्यंत बघत असणार.

“खोटा बोलू नको,” ते म्हणाले. “प्रज्ञा आजारी आहे. तुला काय झाला? तू तर एकदम चांगली आहे.”

मी हातातली कळशी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून रडले, त्या तीन वर्षांचं सगळं. बाहेर ते माझ्या मुलीला तिच्याच घरात घेत नव्हते.